झुंबर माणसाची खोट सांगते

मुळा नदीच्या काठाला, पारनेर आणि राहुरीच्या मधल्या आमच्या भागात, देवळासमोर बसलेले म्हातारे एकमेकांची एक थट्टा हमखास करतात. "तू गेल्यावं झुंबर तुझी कंची खोट सांगंल रं?" दुसरा मग आपली एखादी किरकोळ खोट घाईघाईनं पुढे करतो, तंबाखू लई खातो म्हणून सांगतो, म्हणजे मोठी झाकली जाईल. पण ती झाकत नाही. झुंबर घरच्यांकडून खरी काढतेच.

झुंबर गुंजाळ ही माझी वर्गमैत्रीण. आम्ही दोघी पिंपळदऱ्याच्या कला महाविद्यालयात शिकलो. मी तिथंच राज्यशास्त्र शिकवायला लागले आणि ती दहाव्याला बोलायला लागली. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे नुसतं पिंडदान नसतं. नदीच्या घाटावर मांडव, माइक, महाराजांचं प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. भाषणं कुणाची, तर कारखान्याचे संचालक, पंचायत समितीचे माजी सभापती, होऊ घातलेले उमेदवार. गेलेल्या माणसाला त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलेलंही नसतं. 'कैलासवासी मनमिळाऊ स्वभावाचे होते' हे मी इतक्या भांडकुदळ माणसांबद्दल ऐकलंय की मनमिळाऊ या शब्दावरचाच माझा विश्वास उडालाय.

झुंबरची आई साळूबाई गेली तेव्हा असंच झालं. पिंडाला कावळा शिवून गेला तरी माइकवाल्याची मान्यवरांची नावं संपेनात. झुंबर बायकांतून उठली, त्याच्या हातातून माइक घेतला आणि आई कशी होती ते सांगायला लागली. कोणत्या गाईला ती कोणत्या नावानं हाक मारायची, नातवाला ताप आला तर कशी रात्रभर बसायची. आणि शेवटी म्हणाली, "आई लई हट्टी हुती. एका तव्यापायी सुनंशी वर्षभर बोलली न्हाई. चुकलंच तिचं." तोवर जिच्या डोळ्याला पाण्याचा थेंब नव्हता ती सून हुंदके देऊन रडायला लागली.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. "बाई, आमच्या म्हाताऱ्याचं बोलाल का?" तेव्हापासून तिला उसंत नाही. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, घरी गाई. सकाळची धार काढली की स्कूटी काढायची आणि निघायचं. तिची रीत ठरलेली आहे. आदल्या दिवशी त्या घरी जायचं, ओसरीवर पुरुषांत बसायचं नाही, सरळ आत बायकांत जाऊन काहीतरी निवडत बसायचं. दुसऱ्या दिवशी आधी घरच्यांनी बोलायचं आणि नंतर पुढाऱ्यांनी. आणि गेलेल्याची एक खोट सांगायची, एकच, घरच्यांनी कबूल केलेली. "आपल्या मनानं सांगितली तर ती चहाडी," ती म्हणते. "घरातनं आली पायजे. देवाचं दहावं नसतंय, मानसाचं असतंय." घरच्यांना खोट सांगायला नको असेल तर ती त्या घरचं पाणी पिऊन परत येते.

हे सगळं तिनं कुणाकडून घेतलं असेल तर ते निसळ सरांकडून, उलटं करून घेतलं.

शामकांत निसळ आमचे मराठीचे प्राध्यापक. नगरहून आले आणि पिंपळदऱ्यातच घर बांधून राहिले. आमच्या आडवळणाच्या कॉलेजचं नाव जिल्ह्यात झालं ते सरांच्या वक्तृत्वाच्या पोरांमुळे. भाषण सर लिहायचे आणि पोरं पाठ करायची. हात कुठं उचलायचा, आवाज कुठं खाली आणायचा, गहिवरायचं कुठल्या वाक्याला, सगळं सरांचं. एक वाक्य तर प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला असायचंच, विषय हुंडाबंदी असो की जलसंधारण. 'ज्या नदीला आपला उगम आठवत नाही, तिला समुद्रही ओळखत नाही.' मुळा नदी समुद्राला जाऊन मिळत नाही, वाटेत दुसऱ्या नदीला मिळते, हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

नगरला एका स्पर्धेचा फिरता करंडक होता. लागोपाठ तीन वर्षं जिंकला की तो कॉलेजकडे कायमचा. पहिल्या वर्षी तो बन्सीभाऊंनी आणला, जे आज आमच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. दुसऱ्या वर्षी आणखी एकानं, जो पुढे पोलीस खात्यात साहेब झाला. तिसऱ्या वर्षी सरांनी झुंबरला निवडलं, ते तिच्या आवाजासाठी. ह्या काठावरून तिनं हाक मारली की पलीकडची म्हैस मान वर करायची.

विषय होता 'आजची स्त्री'. नदी झाली, समुद्र झाला, दुसरा परिच्छेद झाला आणि झुंबर थांबली. आम्हाला वाटलं, विसरली. तिनं परीक्षकांकडे बघितलं आणि म्हणाली, "हे सरांचं हाय. आता माझं सांगते." आणि सांगितलं, की तिची आई बाळंतपणानंतर किती लवकर खुरपायला गेली, आणि शिकलेल्या पोरीनं आईला शहाणपण शिकवू नये म्हणून घरात पोरीलाच कसं गप्प बसवतात. गावाकडच्या बोलीत, हात न हलवता. करंडक त्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजनं नेला.

परतीच्या एसटीत सर कुणाशीही बोलले नाहीत. उतरल्यावर मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला बोलता येत नाही, झुंबर. तुझ्याकडे फक्त आवाज आहे." मी शेजारीच उभी होते. मला त्या वेळी जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. झुंबर मात्र पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "आवाज हाय ना सर, मंग बास."

ती बी.ए. झाली, गावातच दिली गेली. कॉलेजनं मात्र पुन्हा कधी तिचं नाव घेतलं नाही.

यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून ग्रंथालयाबाहेरच्या लांब भिंतीवर 'आमचे मानकरी' करायचं ठरलं. डाव्या बाजूला नावाजलेले प्राध्यापक, उजव्या बाजूला नावाजलेले माजी विद्यार्थी. डावीकडे पहिली तसबीर अर्थातच निसळ सरांची. उजवीकडे बन्सीभाऊ, ते पोलीस साहेब, बाजार समितीचे सभापती, अमेरिकेत गेलेला एक. भिंतीवर चढायचं तर बुडाखाली खुर्ची पाहिजे नाहीतर विमान, असा एकूण हिशेब. समितीत मी होते. मी झुंबरचं नाव सुचवलं.

"दहाव्याला बोलणारी बाई?" बन्सीभाऊ म्हणाले. "लोक म्हणतील, कॉलेज मयतावर जगतंय."

मी म्हटलं, "साहेब, भिंतीवरच्या सगळ्यांची भाषणं एकत्र केली तरी लोकांना त्यांतलं काही आठवत नाही. हिचं बोलणं दोन तालुक्यांतल्या घरांत सांगतात."

ते हसले. संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि झुंबर कुठल्या कुठल्या घरात चुलीपाशी बसते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी होकार दिला. तोवर बाकीच्या तसबिरी भिंतीवर लागल्याही होत्या; मी नगरहून तिचा फोटो मढवून आणला आणि समारंभात लावायचा म्हणून माझ्या कपाटात ठेवला.

झुंबरनं विनयाचं सोंग केलं नाही. "मला पायजेच हाय गं तो फोटो भितीवं," म्हणाली. "माझ्यापरीस आबाला." आबा म्हणजे तिचे वडील सहादेव. आईच्या मागे ते लेकीकडेच राहतात. लेकीला कॉलेजात घातलं तेव्हा भावकीनं त्यांना कमी बोल लावले नव्हते. 'पोरगी बीए झाल्यावर म्हशीला इंग्रजी शिकवनार का सहादेवा?' असं चारचौघांत विचारायचे. आबांनी उत्तर दिलं नाही, फी भरली. आता नजर अधू झालीय, पण भिंतीपाशी नेऊन उभं केलं तर ते हात लावून बघणार होते. रोज संध्याकाळी झुंबरला विचारायचे, "लागला का फोटो?"

समारंभाच्या आधीच निसळ सर गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते. घरच्यांनी त्यांचं दहावं आपल्या रीतीनं उरकलं, पण पिंपळदऱ्यात भाषणांशिवाय माणूस गेल्यासारखा वाटत नाही. कॉलेजच्या सभागृहात श्रद्धांजली सभा ठरली, आणि ठरल्या दिवसापासून जो तो एकच विचारायला लागला, "झुंबरबाई हायत ना?" बन्सीभाऊंचा नाइलाज झाला.

सभेच्या दोन दिवस आधी ते स्वतः झुंबरच्या गोठ्यापाशी आले. मी तिथंच होते. त्यांनी खिशातून टाइप केलेलं भाषण काढलं.

"झुंबरताई, एवढं वाचायचं. सरांचं सगळं यात आलंय. पण खोटबीट सांगायची नाही. ते आमचे गुरू होते, ऐऱ्यागैऱ्याचं दहावं नाही हे."

"ऐरागैरा कोन असतंय भाऊ? जो मेलाय तो कुनाचा तरी हायच की."

"ते तू घाटावर. हे कॉलेज आहे. सभा झाली की लगेच तुझा फोटो लावू, आबांच्या हातानं."

झुंबरच्या हातातली शेणाची पाटी तशीच राहिली. "अन् न्हाई वाचलं तर?"

"मग भिंत माझी आहे," बन्सीभाऊ म्हणाले, हसत हसतच. आणि चहा न घेता गाडीत बसले.

गाडी वळली तशी तिनं पाटी खाली ठेवली. मग गव्हाणीच्या कठड्यावर बसली. "असं कसं गं करतेत ही मानसं," म्हणाली. "आबाचं नाव काढायची काय गरज हुती?" तिचे डोळे भरून आले होते. मला बन्सीभाऊंच्या गाडीवर शेणाचा गोळा फेकावासा वाटला, आणि गोठ्यात तो हाताशीच होता.

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"आधी काकूकडं जाते. त्यांनी खोट न्हाई सांगितली तर वाचून टाकीन. माझी सुटका हुईल."

काकू म्हणजे सरांच्या पत्नी, शोभाकाकू. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात एकट्याच होत्या. झुंबरनं समोरची मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला बसली. काकू आधी म्हणाल्या, हे फार चांगले होते, मुलांवर फार जीव. झुंबर हो हो करत राहिली. निम्मी जुडी निवडून झाली तेव्हा तिनं विचारलं, "काकू, सरांचं तुमाला काय खुपायचं?"

काकू बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिल्या. त्या मुळातच हळू बोलतात. "त्यांनी मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही," म्हणाल्या. "मी म्हणायची, 'आज मला वाटतं...', की लगेच हे म्हणायचे, 'नगरला जावं.' मला नगरला जावं असं वाटतच नसायचं. पाहुण्यांसमोर तेच, डॉक्टरांसमोर तेच. दुखायचं माझं आणि सांगायचे ते. वाईट मनानं नाही हं. त्यांना वाटायचं, मला शब्द सापडत नाहीत. मग मी सुरूच करायचं सोडून दिलं."

मला सवय आहे कुणी थांबलं की शब्द पुरवायची, मास्तरकीची खोड. मी जीभ दाताखाली धरून बसले.

"हे सांगशील?" काकूंनी विचारलं.

"तुमी म्हनाल तर सांगंन."

"सांग. मी तिथं समोर बसणार आहे."

बाहेर आल्यावर झुंबरनं स्कूटीची किल्ली लावली आणि नुसतीच उभी राहिली. सुटका काही झाली नव्हती. मी तिला म्हटलं, "सांगायचीच तर एसटीतून उतरल्यावर तुला बोलले तीपण सांग. ती तर तुझ्याकडे किती वर्षं तयार आहे."

"ती माझ्या घरची हाय," ती म्हणाली. "त्यांच्या घरची न्हाई."

सभागृह गच्च भरलं होतं. झुंबरची रीत घरच्यांनी आधी बोलायची, पण माइक बन्सीभाऊंनी स्वतःच्या हातात घेतला. एक मिनिट मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या नदीला आपला उगम आठवत नाही, तिला समुद्रही ओळखत नाही." टाळ्या पडल्या. मग पोलीस साहेब उठले. त्यांनीही मान खाली घातली, तेवढाच वेळ, आणि तेही नदीवरच गेले. लोकांना वाटलं, मुद्दाम म्हणाले. मग बाजार समितीचे सभापती आले. त्यांना त्या दोघांचं ऐकून काहीतरी दुसरं म्हणावं असं नक्की वाटलं असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि, "ज्या नदीला..." मागच्या बाकांवरून पोरांनी ते वाक्य त्यांच्याबरोबर पुरं केलं. आमचे सगळे मानकरी आपल्या गुरूला निरोप द्यायला आले होते आणि गुरूनंच लिहून दिलेलं वाक्य सोडून त्यांच्यापाशी त्याच्यासाठी एक शब्द नव्हता. मला हसू येत होतं आणि रागही.

मग झुंबर व्यासपीठावर गेली. तिच्या हातात ते टाइप केलेले कागद होते. तिनं ते नीट घडी करून बन्सीभाऊंच्या पुढ्यात ठेवले. "भाऊ, हे तुमचं," म्हणाली, आणि माइककडे वळली.

"सर आमच्या घरी आल्ते," तिनं सुरुवात केली. "चिखलातनं, चप्पल हातात घेऊन. माझ्या आबाला म्हनले, पोरीला नगरला बोलायला न्यायची हाय. आमच्या वस्तीवं त्याच्याआधी कुना पोरीचं नाव घेऊन कोन मास्तर आल्ता? कुनी न्हाई. ज्या पोरांना घरात कुनी बस म्हनत नव्हतं त्यांना सरांनी लोकांपुढं उभं केलं. हे त्यांचं पुण्य हाय अन् ते लई मोठं हाय." मग तिनं सरांचं आणखी खूप सांगितलं, वस्त्यावस्त्यांवरून त्यांनी गोळा केलेल्या पोरींचं, आजारी पोराला स्वतः सायकलवर बसवून राहुरीच्या दवाखान्यात नेल्याचं. लोक पुढे सरकून ऐकत होते.

"आता खोट," झुंबर म्हणाली. बन्सीभाऊ खुर्चीत ताठ झाले. "सर सगळ्यांची वाक्यं पुरी करायचे. पोरांची केली, अन् घरात काकूंचीबी केली. काकूंना काय म्हनायचंय ते सरांनी कधी ऐकूनच घेतलं न्हाई. एवढा बोलायला शिकवनारा मानूस, अन् त्याच्या घरातलं एक मानूस मुकं ऱ्हायलं. चुकलंच त्यांचं."

बन्सीभाऊ उठले. "बास झालं. हे व्यासपीठ..."

पहिल्या रांगेत शोभाकाकूही उठल्या होत्या. त्या पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा बन्सीभाऊंना बसावंच लागलं. झुंबरनं माइक काकूंच्या उंचीला खाली केला.

"ह्यांचा स्वभाव," काकू म्हणाल्या, "ह्यांचा स्वभाव फार..." आणि अडल्या.

"प्रेमळ," व्यासपीठावरून कुणीतरी पुरवलं. "शिस्तप्रिय," सभापती म्हणाले. "तेजस्वी," पोलीस साहेब. खालूनही शब्द यायला लागले. सरांची तयार पोरं ती, अडलेल्याला शब्द देणं त्यांच्या अंगात भिनलेलं.

झुंबरनं हात वर केला. "थांबा. काकूंना सापडू द्या."

काकू माइक धरून उभ्या होत्या. कुणीतरी खोकलं, झुंबरनं त्याच्याकडे बघितलं.

"घाईचा होता," काकू म्हणाल्या. "फार घाईचा. आणि मी हळू आहे. मला हळू बोलायला आवडतं." मग त्या बोलल्या, हळूहळू, मध्ये थांबत, कुठलं कुठं जात, लग्नानंतर पिंपळदऱ्यात आल्या तेव्हा विहिरीवर बायकांनी काय विचारलं ते, सरांच्या शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली आणि वाक्यं पुरी करायची पाळी आपल्यावर आली तेव्हा आपण ती मुद्दाम केली नाहीत, तासन् तास वाट बघत बसलो, ते. शेवटची एसटी ज्यांना गाठायची होती तेही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीभाऊंचा निरोप आला. झुंबरचा फोटो रद्द. मी केबिनमध्ये जाऊन बोलायचं ते सगळं बोलले, नोकरीची पर्वा न करता बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. "भिंत मानकऱ्यांची आहे, मॅडम," एवढंच त्यांचं उत्तर.

दुपारी शोभाकाकू रिक्षानं कॉलेजात आल्या. ग्रंथालयाबाहेर उभ्या राहून त्यांनी उजवी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. "झुंबर कुठं आहे?" त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी शिपायाला स्टूल आणायला सांगितलं आणि सरांच्या तसबिरीकडे बोट केलं. "ही उतरवून दे."

बन्सीभाऊ धावत आले. "काकू, सर म्हणजे आमच्या भिंतीचा पाया. तुम्हाला वाईट वाटलं असेल, म्हणून तुम्ही..."

"माझं मला सांगू दे, बन्सी," काकू म्हणाल्या. बन्सीभाऊ थांबले. काकूंनी वेळ घेतला. "जिला स्वतःचं बोलता येतं तिला इथं जागा नाही. मग बोलायला शिकवणाऱ्याचं इथं काय काम?"

शिपायानं तसबीर उतरवली. मी एका बाजूनं धरली आणि आम्ही ती रिक्षात ठेवली. काकूंना घरी सोडून मी कपाटातला झुंबरचा फोटो घेतला आणि तिच्या घरी गेले. ती धार काढत होती. आबा ओट्यावर बसले होते, पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"लागला का फोटो?"

"न्हाई लागला आबा," गाईपासून न उठता झुंबर म्हणाली. "अन् आता लागनार न्हाई. मी खरं बोलले."

मी त्यांच्या हातात तो मढवलेला फोटो दिला. त्यांनी काचेवरून बोटं फिरवली, चारी कडा चाचपल्या.

"अन् निसळ मास्तरांचा?" त्यांनी विचारलं.

"काकूंनी काढून नेला," मी म्हटलं. "झुंबरचा नाही तर त्यांचाही नको, म्हणाल्या."

आबांनी फोटो मांडीवर उभा धरला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"मंग त्या भितीवं ऱ्हायलंच कोन?"